रुग्णाजवळ एकटीला ठेवता येईल का? अमेरिकेची नर्सिंग परवाना परीक्षा समजून घेताना

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं संपली आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा निकाल लागला की पुढचं काम कागदपत्रांचं असतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा, कागद तपासले गेले की नोंदणी क्रमांक मिळतो, आणि मुलगी नावापुढे आरएनआरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत सुईण, असं लिहू लागते. जीएनएम हा पदविका अभ्यासक्रम केलेल्यांची परीक्षा घेणारं मंडळ वेगळं, पण शेवटची पायरी हीच. गोव्यात शिकलेल्यांसाठी गोवा नर्सिंग कौन्सिल आहे. शिक्षणाची परीक्षा पास झाली म्हणजे कामाचा परवाना मिळायला पात्र, असा आपल्याकडचा हिशेब आहे.

अमेरिकेत तो तसा नाही. तिथे कॉलेजची पदवी आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या मध्ये एक परीक्षा उभी आहे. तिचं नाव एनक्लेक्स-आरएन, यातलं आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स. तिथल्या कॉलेजातून पहिल्या नंबराने बाहेर पडलेल्या मुलीलाही ती द्यावी लागते. सांगली किंवा लातूरहून तिकडे जाऊ पाहणाऱ्या सिस्टरला आणि ब्रदरलाही तीच द्यावी लागते. आपल्याकडे या परीक्षेबद्दल बोलणं भरपूर होतं, पण बहुतेक बोलणं प्रश्नसंच, क्लास आणि डॉलर यांच्याभोवती फिरतं. परीक्षा आतून चालते कशी, हे समजून न घेता अभ्यासाला बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांची मेहनत कमी नसते, ती चुकीच्या जागी खर्च होते. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यातून उलगडतं. ही परीक्षा कुणाला पहिली आणि कुणाला दुसरी ठरवत नाही. तिच्यात डिस्टिंक्शन नाही, टक्के नाहीत. ती एकच गोष्ट तपासते: नव्या नर्सला उद्या सकाळी वॉर्डात रुग्णाजवळ एकटीला ठेवलं, तर रुग्ण सुरक्षित राहील का? उत्तर हो किंवा नाही. परवाना देणाऱ्या राज्याला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

हे आलं कुठून

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये नर्सच्या नोंदणीवरून मोठा वाद झाला. लंडनच्या एका रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेन्विक यांचं म्हणणं होतं की नर्सची सरकारी नोंदवही हवी आणि तिच्यात नाव घालण्यापूर्वी परीक्षा हवी. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा त्याला विरोध होता. चांगल्या नर्सचे गुण कागदी परीक्षेत मोजता येत नाहीत, असं त्यांचं मत. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि हा ताण आजही संपलेला नाही, त्याकडे पुढे येतेच. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला आणि नोंदवहीत पहिलं नाव फेन्विक यांचं लागलं. न्यूझीलंडने मात्र १९०१ मध्येच कायदा केला होता. अमेरिकेत पहिला मान उत्तर कॅरोलायना राज्याचा, १९०३ साली.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक राज्याची परीक्षा निराळी होती. १९४४ पासून राज्यांनी एक सामाईक परीक्षा वापरायला सुरुवात केली. तिच्यात पाच विषय होते: मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार नर्सिंग. आपल्या विद्यापीठाचे पेपर आठवा. मांडणी बरीचशी तशीच आहे. १९७८ मध्ये राज्यांच्या नर्सिंग मंडळांनी मिळून एक राष्ट्रीय परिषद स्थापन केली. तिचं मुख्यालय शिकागोत आहे. तिने १९८२ मध्ये एनक्लेक्स आणली आणि विषयवार पेपर बंद केले. वॉर्डातला रुग्ण विषयवार येत नाही. बाळंतिणीला मधुमेह असतो, फ्रॅक्चरच्या आजोबांना नैराश्य असतं. त्यामुळे प्रश्न रुग्णाच्या गरजेभोवती रचले गेले.

तोवर परीक्षा कागदावरच होती. वर्षातून दोनदा, दोन दोन दिवस, आणि निकालाची लांबलचक वाट. एप्रिल १९९४ पासून ती संगणकावर गेली, आणि तेव्हापासून तिची चालच बदलली.

यंत्र प्रश्न कसा निवडतं

आपल्याला ठाऊक असलेल्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो. शंभर प्रश्न, पन्नास बरोबर आले की पास. एनक्लेक्समध्ये शेजारी बसलेल्या दोघींना वेगवेगळे प्रश्न येतात, वेगवेगळ्या संख्येने येतात, आणि कुणाला कोणता येणार हे तिच्या आधीच्या उत्तरांवर ठरतं.

चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर एकेक काच बदलत विचारतात, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" प्रत्येक उत्तरानंतर ते तुमच्या नंबराच्या थोडे जवळ सरकतात. शेवटी दोन काचांमधला फरक इतका बारीक होतो की तुम्हालाच सांगता येत नाही, आणि तेव्हा नंबर सापडलेला असतो. एनक्लेक्सचं यंत्र हेच करतं. प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की पुढचा जरा अवघड देतं, चुकलं की जरा सोपा. प्रत्येक उत्तरानंतर ते तुमच्या क्षमतेचा अंदाज नव्याने मांडतं आणि त्या अंदाजाच्या जवळपास बसणारा प्रश्न काढतं, म्हणजे असा प्रश्न जो तुम्हाला येण्याची शक्यता साधारण पन्नास टक्के आहे.

पन्नासच का? फार सोपा प्रश्न विचारला तर तुम्ही बरोबर उत्तर देणार हे आधीच ठाऊक, त्यातून नवी माहिती मिळत नाही. फार अवघड विचारला तर चुकणार हेही ठाऊक. जिथे उत्तर इकडे किंवा तिकडे जाऊ शकतं, तिथेच खरी माहिती मिळते. यामागचं गणित डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांच्या १९६० मधल्या मांडणीवर उभं आहे. त्यात प्रश्नाची काठिण्यपातळी आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मोजतात. त्या पट्टीच्या एककाला लॉजिट म्हणतात. क्षमता आणि काठिण्य सारखं असेल तर बरोबर उत्तराची शक्यता ५० टक्के, क्षमता एक लॉजिटने वर असेल तर सुमारे ७३ टक्के, दोनने वर असेल तर सुमारे ८८.

याचा परीक्षेच्या खोलीतला परिणाम फार मोठा आहे आणि तो आधी कुणी सांगितला नाही तर मुली तिथेच खचतात. यंत्र प्रत्येकीला तिच्या पातळीचे प्रश्न देतं, म्हणून जवळपास प्रत्येकीचे निम्मे प्रश्न चुकतात. उत्तम तयारी झालेलीचेही चुकतात. फक्त तिचे चुकलेले प्रश्न जास्त अवघड असतात. शाळेपासून "शंभरपैकी किती?" याच हिशेबात वाढलेल्या मुलीला लागोपाठ तीन प्रश्न अडले की वाटतं, गेलं सगळं. मग ती घाई करते, नाहीतर प्रत्येक प्रश्नावर पाच-पाच मिनिटं घालवते. प्रश्न जड वाटत राहणं हे यंत्र व्यवस्थित चालत असल्याचं लक्षण आहे. हे मनात पक्कं बसवणं हासुद्धा तयारीचाच भाग आहे.

मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, तेही याचमुळे. तुमच्या उत्तरावरच पुढचा प्रश्न निवडला गेलेला असतो.

परीक्षा थांबते कधी

एप्रिल २०२३ पासूनच्या रचनेत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न येतात. वेळ जास्तीत जास्त पाच तास, त्यातच मधली विश्रांती. यातल्या १५ प्रश्नांचे गुण धरत नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहायचे नवे प्रश्न असतात आणि बाकीच्यांत असे मिसळलेले असतात की ओळखता येत नाहीत.

८५ प्रश्न झाले की यंत्र स्वतःला विचारतं: ही मुलगी पास होण्याच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, हे मला ९५ टक्के खात्रीने सांगता येतं का? येत असेल तर परीक्षा तिथेच थांबते. नसेल तर पुढचा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पुन्हा तीच तपासणी. १५० झाले तरी खात्री पटली नाही, तर शेवटचा अंदाज रेषेच्या वर आहे की नाही एवढंच बघतात. वेळ संपली आणि किमान ८५ झाले असतील तरीही शेवटचाच अंदाज धरतात. ८५ सुद्धा झाले नसतील तर नापास.

म्हणजे "८५ ला स्क्रीन बंद झाली, आता पास!" हे हॉस्टेलमधलं वाक्य अर्धंच खरं आहे. ८५ ला थांबणं म्हणजे यंत्राची खात्री पटली इतकंच. कोणत्या बाजूची, ते त्यावरून कळत नाही. १५० पर्यंत गेलेल्या कितीतरी जणी पास होतात. त्या रेषेच्या अगदी जवळ असतात म्हणून यंत्राला वेळ लागतो. शेवटचा प्रश्न अवघड होता म्हणून पास, किंवा परीक्षेनंतर पुन्हा नोंदणी करून पाहायची आणि यंत्रणेने नकार दिला की पास, या समजुतींनाही परीक्षा घेणाऱ्या परिषदेची मान्यता नाही. निकाल देते ती तुम्ही अर्ज केलेल्या राज्याचं नर्सिंग मंडळ.

आणि ती रेषा? ती कुणाच्या मनात आलं म्हणून ओढलेली नाही. परिषद ठरावीक वर्षांनी नुकत्याच कामाला लागलेल्या हजारो नर्सना विचारते की तुम्ही रोज नेमकं काय काय करता, किती वेळा करता, आणि ते चुकलं तर रुग्णाचं काय होतं. त्या उत्तरांवरून परीक्षेचा आराखडा बनतो. मग अनुभवी नर्सचं एक मंडळ बसतं. त्यांनी डोळ्यांसमोर आणायची असते ती जेमतेम सुरक्षित असलेली नवी नर्स. उत्तम किंवा सरासरी नर्स इथे चालत नाही. अशा शंभर जणींपैकी किती जणींना हा प्रश्न यायला हवा, हे प्रत्येक प्रश्नासाठी त्या सांगतात. त्यावरून आणि इतर माहितीवरून रेषा ठरते. २०१० मध्ये ती उणे ०.१६ लॉजिट होती, २०१३ मध्ये वाढवून ०.०० केली. शून्य लॉजिट म्हणजे शून्य क्षमता नव्हे आणि पन्नास टक्के गुणही नव्हेत. ती पट्टीवरची एक जागा आहे.

प्रश्न कसे असतात

एक नमुना मी स्वतः रचते. सकाळी हॅण्डओव्हर झाला, म्हणजे रात्रीच्या नर्सने रुग्ण तुमच्याकडे सोपवले. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाचं परवा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सात. दुसऱ्याला न्यूमोनिया, ताप ३८.३ अंश सेल्सिअस, खोकला. तिसऱ्या बाई मधुमेहाच्या, नाश्त्याआधीची साखर २१०. चौथ्या बाईंचं आज पहाटे थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि श्वास घेताना आत शिट्टीसारखा आवाज येतोय. आधी कुणाकडे जाल?

चौघांनाही नर्स हवी आहे. पण चौथ्या बाईंचा श्वासमार्ग बंद होतोय, आणि मिनिटांचा प्रश्न आहे. इथे थायरॉइडच्या ऑपरेशनची गुंतागुंत पाठ असून भागत नाही. समोर चार खरी दुखणी असताना कोणतं थांबू शकतं आणि कोणतं नाही, हे ठरवावं लागतं. परीक्षेतले बरेचसे प्रश्न याच जातीचे.

२०२३ च्या बदलाने हे आणखी ठळक केलं. आता प्रत्येकीला किमान तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. पडद्यावर रुग्णाची फाइल असते: नर्सच्या नोंदी, तपासण्या, औषधांचा तक्ता. समजा ७२ वर्षांचे गृहस्थ न्यूमोनियासाठी दाखल आहेत. दुपारी ताप ३८.९, नाडी ११८, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब ९२/५४, लघवी कमी झालेली, आणि सकाळी नीट बोलणारे आता तारीखवार विसरतायत. पहिला प्रश्न: यातल्या कोणत्या नोंदी काळजीच्या? दुसरा: त्या एकत्र काय सांगतात? तिसरा: सर्वांत आधी कोणत्या शक्यतेचा विचार? इथे सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली बेफाम प्रतिक्रिया स्वतःच्याच अवयवांना इजा करतेय. चौथा: काय काय करता येईल? पाचवा: आता लगेच काय कराल? रक्ताचे कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घेणं, अँटिबायोटिक सुरू करणं, शिरेतून सलाईन देणं यांचा क्रम इथे लागतो. सहावा: तासाभराने कोणत्या नोंदी दिसल्या तर उपचार लागू पडतोय असं म्हणाल? रक्तदाब चढला, लघवी वाढली, आजोबा भानावर आले.

वॉर्डात वीस वर्षं काढलेली इनचार्ज सिस्टर हे सहाही टप्पे दारातून आत येता येता पार करते. नवीन नर्सच्या डोक्यात ते सुटे सुटे करून तपासायचे, हा या बदलाचा हेतू. अर्धवट बरोबर उत्तराला आता थोडे गुण मिळतात. "लागू पडतील ते सगळे निवडा" या प्रकारात बरोबर निवडीला एक गुण मिळतो, चुकीच्या निवडीचा एक वजा होतो, पण बेरीज शून्याखाली जात नाही. म्हणून सगळ्या चौकटींवर टिचकी मारून सुटता येत नाही.

आपल्या मुलींची अडचण कुठे होते

अमेरिकेत शिकून पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणी पास होतात. बाहेरच्या देशांत शिकून पहिल्यांदा बसणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास राहतं. हे आकडे पाहून आपल्या मुलींना काही येत नाही असं कुणी म्हणू नये. तीस-चाळीस रुग्णांचा वॉर्ड एका नाइटला एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला नर्सिंग येत नाही, हे मी कधीच मानणार नाही. अडचण वेगळी आहे: ही परीक्षा एका निराळ्या कामाच्या जगात उभी आहे, आणि त्या जगाचे नियम प्रश्नात लिहिलेले नसतात.

पहिला नियम, काम कुणाला सोपवायचं. तिथे आरएनच्या हाताखाली कमी शिक्षणाच्या परवानाधारक नर्स आणि सहायक असतात. कुणाला काय सोपवता येतं यावर प्रश्नच प्रश्न येतात. काळजीचं व्यवस्थापन हा परीक्षेतला सर्वांत मोठ्या भागांपैकी एक आहे. स्थिर रुग्णाला आंघोळ घालणं, लघवी मोजून लिहिणं सहायकाला सांगता येतं. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणं, अस्थिर रुग्णाचं मूल्यमापन आरएननेच करायचं. आपल्याकडे मामा-मावशी आणि नातेवाईक यांच्या जिवावर वॉर्ड चालतात. कोण काय करतं हे गरजेवर ठरतं, कागदावर नाही. तिथला प्रश्न वाचताना आपला वॉर्ड डोळ्यांसमोर आला की उत्तर चुकतं.

दुसरा, डॉक्टरांना कळवणं. पर्यायांत "डॉक्टरांना कळवा" दिसलं की आपल्या मुलीचा हात तिकडे जातो, कारण आपल्याकडे तेच शिकवलेलं असतं आणि न कळवल्याबद्दल बोलणी बसतात. पण रुग्णाला धाप लागली असेल तर आधी त्याला उठतं बसवायचं, ऑक्सिजन लावायचा, तपासायचं, मग फोन करायचा. नर्सला स्वतःहून करता येण्यासारखं काही शिल्लक आहे का, हा विचार आधी.

तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: रुग्णाचा स्वतःवरचा हक्क. आपल्याकडे कॅन्सरचं निदान आधी मुलाला सांगतात. "बाबांना सांगू नका" म्हणतात आणि आपणही सांगत नाही. त्यात प्रेम असतं, मी नाकारत नाही. पण एनक्लेक्सच्या जगात शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची माहिती त्याची असते, उपचार नाकारण्याचा निर्णयही त्याचा, आणि त्याच्या भाषेसाठी दुभाषी बोलवायचा असतो. मुलीला किंवा सुनेला दुभाषी करायचं नसतं. रडणाऱ्या रुग्णाला "काही होणार नाही, देव आहे" म्हणणं तिथे चुकीचं उत्तर ठरतं. त्याला काय वाटतंय ते बोलू देणारं वाक्य बरोबर ठरतं. इथे उत्तर पाठ करून चालत नाही, नजर बदलावी लागते. आणि खरं सांगायचं तर ही नजर आपल्या वॉर्डांतही आणण्यासारखी आहे, अमेरिकेला जायचं असो वा नसो.

बाकी किरकोळ पण घात करणारं एक: औषधांची नावं. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, अॅड्रिनलिन तिथे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन तिथे मेपेरिडिन. आठवडाभरात पाठ होणारी यादी आहे. ती शेवटच्या रात्रीवर ठेवू नये.

परीक्षेला काय दिसत नाही

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी एक प्रकरण उघड केलं. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन नाइटिंगेल. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या होत्या. वर्गात न बसता, वॉर्डातले तास न करता लोकांनी हजारो डॉलर देऊन कागद घेतले आणि एनक्लेक्सला बसले. त्यांतले सुमारे २,४०० पास झाले. त्यांतल्या अनेकांना सहायक किंवा खालच्या पातळीची नर्स म्हणून कामाचा अनुभव होता, हे खरं. तरीही गोष्ट गंभीर आहे. कितीही काटेकोर गणित असलं तरी पडद्यावरची परीक्षा हात पाहत नाही. कॅथेटर घालताना निर्जंतुकपणा मोडतो का, आकडी आलेल्या बाळाला ती कशी धरते, रात्री तीनला घाबरलेल्या आजींशी कोणत्या आवाजात बोलते, हे तिथे दिसत नाही. ते वॉर्डातल्या तासांत घडतं, आणि ते तास झालेत असं परीक्षा गृहीत धरते. नाइटिंगेल यांचा आक्षेप तो हाच होता, आणि पकडल्या गेलेल्या लबाडीला नाव मिळालं तेही त्यांचंच.

आपल्याकडे १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. तेव्हापासून भारतातही पदवीनंतर एक सामाईक परीक्षा असावी अशी चर्चा शिक्षकांत ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे. ज्या कॉलेजांत क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिकणं, नुसतं रजिस्टरमध्येच भरलं जातं, तिथल्या मुलींसमोर आधी परीक्षा ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. फी भरलेल्या मुलीला आधी खरा वॉर्ड मिळाला पाहिजे, परीक्षा त्यानंतरची.

कागद, पैसा आणि रांग

ज्यांना बसायचंच आहे त्यांच्यासाठी क्रम असा. आधी राज्य निवडायचं, कारण परवाना राज्य देतं आणि अटी राज्यागणिक बदलतात. मग शिक्षणाची पडताळणी: कॉलेज किंवा विद्यापीठाने गुणपत्रक आणि तासांचा तपशील, आणि नर्सिंग कौन्सिलने नोंदणीचा दाखला, थेट पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे पाठवायचा असतो. तुमच्या हातातल्या झेरॉक्सला तिथे किंमत नाही. सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून कॉलेज सोडताना थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेलं सविस्तर ट्रान्सक्रिप्ट मागून घ्यावं. नंतर कर्मचारी बदलतात, फायली सापडत नाहीत. राज्याने पात्र ठरवलं की परीक्षेला बसायची परवानगी ई-मेलने येते. तिची मुदत साधारण ९० दिवसांची असते, आणि तेवढ्यात तारीख घ्यावी लागते. नोंदणीचे २०० डॉलर, अमेरिकेबाहेर केंद्र घेतल्यास आणखी १५० आणि कर. राज्याची आणि पडताळणीची फी वेगळी. मुंबईत केंद्र आहे, त्यामुळे परीक्षेसाठी परदेशी जावं लागत नाही.

नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. सोबत एक अहवाल मिळतो. कोणत्या भागात तुम्ही रेषेच्या वर, जवळ किंवा खाली होता हे त्यात लिहिलेलं असतं. खाली असलेल्या भागांपासून अभ्यास सुरू करायचा. नवा क्लास लावून पहिल्या पानापासून सुरू करण्यात महिने जातात.

पास झाल्यावर लगेच विमान नाही, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. इंग्रजीची परीक्षा, व्हिसासाठी आरोग्य कर्मचाऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र आणि ग्रीन कार्डची रांग बाकी असते. ग्रीन कार्डच्या ज्या प्रवर्गात नर्स येतात त्यात भारतीयांची रांग दहा वर्षांहूनही लांब गेलेली आहे. कर्ज काढून क्लास लावण्याआधी एजंटला हा प्रश्न सरळ विचारावा: माझा नंबर कधी येईल, आणि ते लिहून द्याल का?

त्या रांगेत थांबायचं नसेल तरी परीक्षा वाया जात नाही. कॅनडातल्या बहुतेक प्रांतांनी जानेवारी २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली आहे. ऑस्ट्रेलियातही बाहेर शिकलेल्या ज्या नर्सना तपासणीतून जावं लागतं, त्यांच्यासाठी पहिला टप्पा एनक्लेक्सचा आहे. त्यानंतर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा होते. ब्रिटनचा रस्ता निराळा: संगणकावरची परीक्षा भारतात देता येते आणि तिकडे गेल्यावर हातांची परीक्षा होते, ज्यात नकली रुग्णासमोर इंजेक्शन, नोंदी, जीव वाचवण्याची प्रक्रिया करून दाखवायची असते. आखाती देशांत दुबई, सौदी, कतार यांच्या आपापल्या परीक्षा आहेत. त्या एकाच बैठकीच्या, सगळ्यांना सारख्याच संख्येने प्रश्न देणाऱ्या आहेत, पण तिथे अनेकदा परवान्यासाठी कामाचा अनुभवही मागतात. म्हणून ज्या मुलीची नुकतीच इंटर्नशिप संपली आहे, तिने कोणताही देश निवडला तरी पहिली दोन वर्षं चांगल्या आयसीयूत किंवा सर्जिकल वॉर्डात काढावीत, आणि त्या काळात कागदांची पडताळणी सुरू करून ठेवावी.